दीड शीट प्लायमधलं अंतराळयान

विज्ञानकथेतला माणूस काहीही करण्याआधी बसतो. एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या कादंबरीतला गृहस्थ थेट आठ लाख वर्षं पुढे जाऊन येतो, पण जातो तो यंत्रावरच्या खोगिरात बसून. त्याच कादंबरीवर जॉर्ज पाल यांनी १९६० साली सिनेमा काढला, तेव्हा खोगीर गेलं आणि त्या जागी लाल गादीची, केशकर्तनालयात शोभावी अशी ऐसपैस खुर्ची आली. पुढे अंतराळयानं आली. त्यांच्यात दारं आपोआप सरकतात, जेवण भिंतीतून बाहेर येतं, माणूस इथे विरघळतो आणि तिथे पुन्हा घट्ट होतो. एवढं सगळं साधलेल्या जमातीलाही बसण्याची गरज काही संपवता आलेली नाही, कारण यानाच्या मधोमध खुर्ची असतेच. मला त्याचं कारण असं वाटतं की, कुणीतरी एक जण बसल्याशिवाय बाकीचे उभे आहेत हे डोळ्यांत भरत नाही. आणि ते भरलं नाही तर कॅप्टन कोण, हे प्रेक्षकाला कळायचं कसं?

या विषयावर इतका विचार करण्याची वेळ माझ्यावर मेहुण्यामुळे आली. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तो मोकळा झाला, तेव्हा घरात प्रत्येकाने त्याच्यासाठी काही ना काही योजून ठेवलं होतं. त्याच्या बायकोच्या मनात माळा आवरायचा होता, मुलीच्या मनात बाबाने मोटार शिकावी असं होतं, आणि माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या सासऱ्यांची एवढीच अपेक्षा होती की, त्याने दुपारी दोन ते चार घरात ठोकाठोक करू नये. त्याने सगळ्यांना चहाला बसवून जाहीर केलं की तो कर्कची खुर्ची बनवणार आहे. सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्या म्हणाल्या, ‘कर्क नाही रे, तुझी तूळ.’

कर्क म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतला कॅप्टन जेम्स कर्क. ही मालिका १९६६ ते १९६९ या काळात तिकडे चालली, एकोणऐंशी भाग झाले आणि बंद पडली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली. रविवारी सकाळी आंघोळी टाळून मुलं टीव्हीसमोर बसत, त्यांतला एक माझा मेहुणा. घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, इंग्रजी अर्धंच कळायचं, आणि स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या. तेव्हा त्याच्या मनात काय रुतलं असेल, तर ती खुर्ची. रुंद हातांची, हातांवर बटणं असलेली, गर्रकन फिरणारी. कर्क तिच्यात बसून एक बोट दाबतो आणि चारशे माणसांचं यान हलतं. मेहुण्याने पुढे तीस वर्षं बँकेत ज्या खुर्चीत काढली तिचं एक चाक तुटलेलं होतं आणि बदलीचा अर्ज प्रादेशिक कार्यालयात पडून होता. चाकाच्या बदलीचा.

मराठी घरात ‘स्वतः बनवणे’ या कार्यक्रमाला कमीत कमी तिघं लागतात. एक करणारा, एक धरणारा आणि एक ‘मी आधीच सांगत होते’ म्हणणारी किंवा म्हणणारा. मी धरणारा. ही भूमिका कुणी मागत नाही, ती वयाप्रमाणे अंगावर येते. टेपचं दुसरं टोक धरायचं, फळीचं दुसरं टोक धरायचं, स्टुलाचा पाय धरायचा आणि करणाऱ्याने मत विचारलं तर ‘तसंही चालेल’ म्हणायचं. आपल्याकडच्या पुरुषांना या सगळ्याची तालीम गणपतीच्या आराशीत मिळालेली असते. थर्माकोल कापून खांब उभे करायचे, त्यांना सोनेरी कागद लावायचा, मागून दिवे सोडायचे आणि दहा दिवस तो राजवाडा आहे असं समजायचं. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली आणि एका पिढीच्या हातातलं कसबच बेकार झालं. मेहुण्याच्या खुर्चीमागे कर्क जितका आहे, तितकीच ती बंदीही आहे असा माझा अंदाज आहे.

पहिला टप्पा अभ्यासाचा. त्यात असं निघालं की अमेरिकेत ही खुर्ची घरी बनवणारी मंडळी पुष्कळ आहेत आणि ती अत्यंत कडक आहेत. मूळ खुर्चीच्या प्रत्येक फोटोवरून, प्रत्येक प्रसंगातल्या सावलीवरून त्यांनी मापं काढली आहेत. हाताची पेटी एक अष्टमांश इंच इकडेतिकडे झाली तरी त्यांना झोप येत नाही. आता गंमत अशी की, मूळ खुर्ची ज्यांनी बनवली त्यांना अशी काही काळजी नव्हती. मालिकेचे कलादिग्दर्शक मॅट जेफ्रीज. हातात वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा. त्यांच्या माणसांनी मॅडिसन फर्निचर नावाच्या कंपनीची, काळ्या रेक्झिनसारख्या कापडाची एक तयार बैठक आणली, तिच्याभोवती लाकडी पेट्या ठोकल्या, वर करडा रंग मारला, दिवे आणि बटणं बसवली आणि ती चित्रीकरणाला दिली. त्यांनी जे घाईत केलं, ते आता ही मंडळी जन्मभर बारकाईने करत आहेत. घाईची इतकी निष्ठेने नक्कल दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात होत असेल असं वाटत नाही. निदान बँकेत तरी होत नाही, असं मेहुणा म्हणाला.

तीच मूळ खुर्ची २००२ मध्ये अमेरिकेत लिलावात तीन लाख डॉलरच्या वर गेली. ती मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी घेतली आणि पुढे सिॲटलच्या त्यांच्या संग्रहालयात काचेमागे ठेवली. मेहुण्याने हा आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवला. उद्देश असा की, आपण जे वीस-पंचवीस हजारांत करणार आहोत ते किती स्वस्त पडतंय हे सर्वांना कळावं. त्याच्या बायकोने शांतपणे विचारलं, ‘आपली कितीला जाईल?’

दुसरी खुर्ची निवडावी असा माझा एक अशक्त प्रयत्न होता. विज्ञानपटांत देखण्या खुर्च्या काही कमी नाहीत. त्याच कर्कच्या यानावर बाकीचे लोक ज्या एका खांबावरच्या खुर्च्यांवर बसतात, त्या टेक्ससमधल्या बर्क नावाच्या कंपनीच्या. ईरो सारिनेन या फिनिश-अमेरिकन वास्तुकाराने पन्नासच्या दशकात टेबल-खुर्च्यांखालच्या पायांच्या गर्दीला वैतागून एकाच देठावर उभी राहणारी खुर्ची काढली होती. बर्कच्या खुर्च्या तिच्या वळणावर गेलेल्या. म्हणजे तेविसाव्या शतकातलं फर्निचर त्या काळी दुकानात जाऊन विकत घेता येत होतं. स्टॅनली कुब्रिकच्या १९६८ सालच्या ‘२००१’ या चित्रपटातल्या अंतराळस्थानकात लाल, लाटेसारख्या वळणाच्या बैठका आहेत. त्या ऑलिव्हिए मुर्ग या फ्रेंच माणसाच्या, तयार मालच. ईरो आर्निओ या डिझायनरची गोळ्याच्या आकाराची खुर्ची तर मला फार आवडते. पोकळ गोल, एक बाजू कापलेली, आत गादी. आत बसलं की बाहेरचा आवाज मंदावतो. हा गुण मी कौतुकाने सांगितला आणि मेहुण्याच्या बायकोने तेवढ्याच कारणासाठी ती बाद केली. ‘आत्ताच हाक मारली तर तिसऱ्यांदा ओ देतो,’ ती म्हणाली.

‘एलियन’ मधल्या त्या मेलेल्या परग्रहवासीयाच्या अवाढव्य आसनाचा विषय मुलीने काढला. ते आसन अवाढव्य होतंच, पण दिग्दर्शक रिडली स्कॉटला ते आणखी मोठं दिसायला हवं होतं, म्हणून लांबून घेतलेल्या दृश्यात त्याने स्वतःच्या मुलांना छोटे अंतराळपोशाख घालून त्याच्याजवळ उभं केलं. ही युक्ती ऐकून मेहुण्याने आपला दिवाणखाना एकदा नजरेने मोजला. मग सासऱ्यांकडे बघितलं. मग विषय सोडला.

पुणे शहर अशा कामाला फार सोयीचं आहे, कारण इथे यानाचा प्रत्येक भाग वेगळ्या पेठेत मिळतो. प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, रेक्झिन आणि फोम नाना पेठेत, वायरी, बटणं आणि दिवे तापकीर गल्लीत. आठ बाय चारची अठरा एमएमची प्लायची शीट सरळ उभी केली तर लिफ्टमध्ये जात नाही, तिरकी केली तरी जात नाही. जिन्याने नेली तर प्रत्येक वळणावर शेजाऱ्यांच्या दारावरची वेलबुट्टी आणि आपली सोसायटीतली प्रतिष्ठा दोन्ही खरवडत जाते. जाणते लोक ती टिंबर मार्टमध्येच मापात कापून घेतात. मेहुण्याचा नकाशा अष्टमांश इंचाचा असल्यामुळे त्याला कापणाऱ्यावर विश्वास नव्हता. बत्तीसेक किलोची शीट आम्ही चौथ्या मजल्यावर नेली. धरणारा खालच्या बाजूला असतो, एवढं नोंदवून पुढे जातो.

फिरत्या पायाचा प्रश्न जुन्या बाजाराने सोडवला. बुधवारी आणि रविवारी तिथे इतक्या वस्तू जमिनीवर मांडलेल्या असतात की कुठल्याही विज्ञानपटाच्या कलादिग्दर्शकाला आठवडाभर तंबू ठोकावासा वाटेल. टेलिफोनच्या चकत्या, दुर्बिणीच्या अर्ध्या नळ्या, कशाचे ते न कळणारे पितळी मीटर. आम्हाला एका सलूनची जुनी खुर्ची मिळाली. वरची बैठक फाटकी होती, पण खालचा बिडाचा पाया ठणठणीत होता. पायाने दांडा दाबला की पंपाने वर जाणारा, दांडा सोडवला की हळूच खाली येणारा, आणि गर्रकन फिरणारा. विक्रेत्याने तो पाया मला बसवून, उचलून, एक पूर्ण गिरकी देऊन दाखवला. आजूबाजूचे दोघे-तिघे बघायला थांबले. जॉर्ज पालच्या कालयंत्राची मूळ बैठक मला तेव्हा आठवली. त्या बिचाऱ्या यंत्राचं नशीबही असंच होतं. १९७० साली एमजीएम स्टुडिओने आपला पसारा लिलावात काढला, त्यात ते विकलं गेलं, गावोगाव फिरलं आणि काही वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज गावी जुन्या सामानाच्या दुकानात सापडलं. बॉब बर्न्स या संग्राहकाने ते घेऊन दुरुस्त केलं. भविष्यकाळाची वस्तू शेवटी जुन्या बाजारातच येते, आणि तिथूनच पुन्हा वर जाते.

आता इतकी तयारी झाल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने करवत हातात घेतली असती. मेहुण्याने मिस्त्रींना फोन केला. ‘स्वतः बनवणे’ याचा आपल्याकडचा पूर्ण अर्थ ‘मिस्त्री काम करत असताना स्वतः शेजारी उभं राहणे’ असा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मिस्त्री साताऱ्याकडचे, हातात अफाट कौशल्य आणि बोलणं मोजकं. त्यांनी नकाशा पाहिला. मग उलटा धरून पाहिला. नकाशात सगळी मापं अष्टमांशात होती. मेहुणा त्यांना समजावू लागला की ही फार बारीक मापं आहेत. मिस्त्री म्हणाले, ‘अष्टमांश म्हंजी एक सूत. रोजचंच हाय की.’ जे माप साधायला अमेरिकेतले भक्त वर्षानुवर्षं तपश्चर्या करतात, ते आपल्या सुताराच्या बोलण्यात रोज असतं. दोन सूत इकडे घ्या, अर्धा सूत रंधा मारा.

मग त्यांनी विचारलं, ‘साहेब, ही बसायची हाय का बघायची?’

मेहुण्याला ते झोंबलं. ‘म्हणजे?’

‘न्हाई, बसायची असंल तर पाठीला कल द्यावा लागंल, फळी सोळा-सतरा इंचावर घ्यावी लागंल. बघायची असंल तर कशीबी करतो.’

कलादिग्दर्शनावर एवढं नेमकं भाष्य मी अजून कुठे वाचलेलं नाही. विज्ञानपटातलं सगळं जग ‘बघायचं’ असतं. कर्कच्या यानाची ती आपोआप सरकणारी दारं मागे उभे राहिलेले कामगार ओढायचे, आणि ओढायला उशीर झाला की नट दारावर आपटायचा. यानावरचा डॉक्टर ज्या चमचमत्या उपकरणांनी रोग्यांना बरं करतो त्यांतली काही म्हणजे मिठाच्या डब्या. एका भागासाठी भविष्यातल्या वाटतील अशा मिठाच्या डब्या शोधून आणल्या, त्या इतक्या भविष्यातल्या वाटल्या की त्यांत मीठ असेल हे कुणाला कळेना. म्हणून त्या दवाखान्यात गेल्या आणि मिठासाठी साधी डबी आणली. ‘स्टार वॉर्स’ मधली ओबी-वान केनोबीची प्रकाशाची तलवार जवळून पाहिली तर तिच्यात नळाची चावी आणि जेट इंजिनाचा एक तुकडा आहे. आणि आपल्याकडचं विक्रमाचं बत्तीस पुतळ्यांचं सिंहासन घ्या. भोजराजा पायरीवर पाय ठेवतो की एक पुतळी बोलायला लागते, तिची गोष्ट संपते की दुसरी. शेवटपर्यंत त्याला काही टेकता येत नाही. ती तर न बसू देण्यासाठीच घडवलेली खुर्ची होती, आणि तिला आवाजाचे बत्तीस स्पीकर होते.

मेहुणा काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘दोन्ही.’

मिस्त्रींनी मान डोलावली. ज्या गिऱ्हाइकाला दोन्ही हवं असतं त्याचं काम लांबतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असणार.

लांबलंच. हातांच्या पेट्या सांध्यांत बसल्या, खिळे दडपून वर लांबी भरली, पॉलिश पेपर घासून घासून घरभर एक पांढरा थर पसरला. तो फ्रिजवर, तुळशीवर आणि सासऱ्यांच्या चष्म्यावर सारखाच होता. रंगाच्या वेळी मोठा वाद झाला. खुर्ची करडी, हे सर्वांना मान्य. पण कुठला करडा? मेहुण्याकडे फोटोंचा ढीग होता आणि प्रत्येक फोटोत वेगळा करडा. मी त्याला सांगितलं की या मालिकेत रंगावर भरवसा ठेवू नये. कर्कचा तो प्रसिद्ध सोनेरी शर्ट मुळात हिरवट होता. सेटवरचे दिवे आणि तेव्हाची फिल्म यांच्या संगनमताने तो पडद्यावर सोनेरी झाला आणि जगाने तो तसाच मान्य केला. त्यामुळे खरा करडा कुठला हे त्या खोलीत उभं राहिलेल्यांनाच माहीत. मेहुण्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, ‘भावोजी, मी तर शर्टसुद्धा करडाच बघितलाय.’ हे खरं होतं. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर ते अख्खं विश्वच करडं होतं. मग रंगाच्या दुकानात जाऊन साधा स्मोक ग्रे आणला. पहिला हात वाळल्यावर मिस्त्री लांब जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘तलाठ्याच्या हापिसातलं कपाट.’ दुसऱ्या हातानंतरही त्यांचं मत बदललं नाही. खरं सांगायचं तर माझंही नाही.

बटणं हा सगळ्यांत रंगलेला भाग. कर्कच्या खुर्चीवरची काही बटणं कशाची होती हे आपल्याला माहीत आहे, कारण १९६७ सालच्या एका भागात त्यांच्यावरून खटला चालतो. वादळात सापडलेल्या यानातून एका अधिकाऱ्यासकट एक कुपी बाहेर फेकली जाते. प्रश्न हा की, कॅप्टनने आधी लाल इशारा दिला होता की नाही. पुरावा म्हणून खुर्चीच्या हाताचं जवळून चित्र दाखवतात. त्यावर शेजारी शेजारी बटणं: पिवळा इशारा, लाल इशारा, कुपी फेका. मी तो भाग पाहिल्यापासून खटल्यात मला अजिबात रस उरला नाही. ज्या माणसाने ही बटणं एका रांगेत, एकाच आकाराची बसवली, त्याला साक्षीला का बोलावलं नाही? आमच्या सोसायटीतल्या लिफ्टमध्येसुद्धा घंटेचं बटण पंख्याच्या बटणापासून दूर आहे. तरी लोक घंटाच दाबतात, हा भाग वेगळा.

मेहुण्याच्या मुलीचं म्हणणं होतं की आर्डुइनो बसवावा, मग दिवे मोबाइलवरून चालतील. मेहुण्याने ते बाणेदारपणे नाकारलं. त्याच्या काळात लुकलुकणारे दिवे म्हणजे पाचशे पंचावन्न आणि चाळीस-सतरा या दोन आयसी. पहिला टिकटिक करतो, दुसरा ती टिकटिक मोजत एकेक दिवा पुढे सरकवतो. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनापासून मंडळाच्या कमानीपर्यंत आपल्याकडचं सगळं ‘भविष्य’ या दोघांनी चालवलेलं आहे. दोघं मिळून तापकीर गल्लीत चहाच्या भावात येतात. रात्री साडेदहाला डाव्या हातावरचे दिवे पहिल्यांदा पळाले तेव्हा मेहुणा डाल्डाच्या डब्यावर बसून ते बघत राहिला. त्याची बायको खोलीत आली, तिने बघितलं आणि म्हणाली, ‘अरे, हे तर आपल्या लहानपणीच्या मंडळाचं.’ हे कौतुक होतं की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

सीटबेल्ट लावायचा का, हाही एक प्रश्न होता. कर्कच्या यानाला दर भागात एकदा तरी दणका बसतो आणि झाडून सगळे अधिकारी खुर्चीतून उडून जमिनीवर लोळतात. तारकांमध्ये फिरणाऱ्या यानात पट्टा नाही, आणि पुण्यात मागच्या सीटवरही लावा म्हणतात. १९७९ च्या सिनेमात त्यांना एकदाची सुबुद्धी झाली. खुर्च्यांचे हातच आत वळून मांड्यांवर येऊन बसतात. मिस्त्री म्हणाले तसं करता येईल, बिजागऱ्या लागतील. सासूबाई म्हणाल्या, ‘नको. म्हातारं माणूस अडकून बसायचं.’ घरातल्या सगळ्यांनी मेहुण्याकडे बघितलं, कारण तोपर्यंत या खुर्चीत म्हातारं माणूस बसेल असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

खुर्ची पूर्ण झाली आणि पहिले काही दिवस ती फक्त बघण्यात गेली. नातेवाईक येत, भोवती फिरत, बटणं दाबत, फोटो काढत. जवळजवळ प्रत्येक जण ‘बसू का?’ असं विचारायचा, आणि बसल्यावर प्रत्येकाचा उजवा हात आपोआप पुढे होऊन कुणाला तरी हुकूम सोडायच्या बेतात यायचा. सोसायटीचे सचिव बसले आणि पाच मिनिटांत पार्किंगचा विषय काढला. इस्त्रीवाला मुलगा बसला तो थेट शेजारच्यांच्या थकलेल्या पैशांवर आला. कुकरवाल्या रविवारपासून मेहुणा जे शोधत होता ते बहुधा हेच असावं: माणूस तोच, पण रुंद हातांच्या खुर्चीत बसला की त्याचं बोलणं चार इंच वरून येतं.

या संदर्भात स्टीफन हॉकिंग यांची एक गोष्ट सांगतात. १९९३ मध्ये ते ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या मालिकेत स्वतःच्याच भूमिकेत आले आणि न्यूटन-आइन्स्टाइनबरोबर पत्ते खेळले. सेट बघताना त्यांनी स्वतःच्या खुर्चीतून उचलून कॅप्टनच्या खुर्चीत बसवायला सांगितलं, असं तिथे असलेल्यांनी सांगितलंय. विचार केला तर त्या दोन खुर्च्यांपैकी खरी विज्ञानकथा कुठली होती हे उघड आहे. एक बोलायची, फिरायची, आत बसलेल्या माणसाचं डोकं जगाला जोडून द्यायची. दुसरी म्हणजे रंग मारलेला सांगाडा. तरी त्यांना ती हवीशी वाटली, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

आमच्या खुर्चीचं पुढे जे झालं ते सलूनच्या पायामुळे. सासऱ्यांना सोफ्यातून उठायला दोन माणसं लागत. एका दुपारी घरात सासूबाईंशिवाय कुणी नाही असं पाहून ते कॅप्टनच्या खुर्चीत जाऊन बसले. उठायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी सहज बाजूचा दांडा पायाने दाबला. खुर्ची वर आली, गुडघे सरळ झाले आणि सासरे सत्तर-ऐंशी किलोंच्या आपल्या सगळ्या वजनासह, कुणाचाही हात न धरता उभे राहिले. त्या दिवसापासून ती त्यांची. डाव्या रुंद हातावर चहा, उजव्यावर वर्तमानपत्र आणि औषधांचा डबा, दिवे रात्री वाचायला. कुपी फेकण्याचं बटण स्वयंपाकघरातल्या बेलला जोडलंय. मिस्त्री मध्ये एकदा ट्रॉल्यांच्या कामाला आले, तेव्हा त्यांनी सासऱ्यांना त्यात बसलेलं पाहिलं, पाठीच्या कलावरून एकदा हात फिरवला आणि काहीही न बोलता चहा प्यायला गेले.

मेहुणा आता समोर स्टुलावर बसतो. यान चालवणाऱ्याची जागा तशी समोरच असते, असं तो म्हणतो.

मुलीने मध्यंतरी त्यात एक भर घातली. मालिकेतला कर्कच्या आधीचा कॅप्टन पाइक अपघातानंतर बोलू शकत नाही. त्याच्या खुर्चीवर एक दिवा आहे, एकदा लागला की ‘हो’, दोनदा लागला की ‘नाही’. तिने तसा एक दिवा आजोबांच्या उजव्या हाताशी बसवून दिला, कारण सासूबाईंना कमी ऐकू येतं आणि सासऱ्यांना ओरडायचा कंटाळा. आमच्यासमोर त्याचं प्रात्यक्षिक झालं.

‘जेवायला वाढू का?’ सासूबाईंनी विचारलं.

दिवा एकदा लागला.

‘दुधीची भाजी आहे.’

दोनदा लागला.

‘मग राहा उपाशी.’

यावर दिवा पुन्हा एकदा लागला, पण बराच वेळ विझला नाही.